लॅव्हेंडर उन्हाळ्यात नाही, जुलैत मरतंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कमी पाण्यावर येणाऱ्या झाडांची यादी आली होती, ती वाचली. यादी तशी चांगली होती, कोरफड, बोगनवेल, अडेनियम सगळं बरोबर, पण लॅव्हेंडरच्या पुढं जे लिहिलंय की हे भूमध्य समुद्राकडचं झाड आहे, पाणी अगदी कमी लागतं, त्यामुळं पावसाळा सुरू झाला की लावून टाका, त्यातल्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आणि नुसतं तेवढ्यासाठी पण नाही, कारण सध्या आमच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो जांभळ्या शेताचा फोटो फिरतोय, खाली लिहिलेलं असतंय की पाणी नको, खत नको, जनावर तोंड लावत नाही, एकदा लावा आणि पंधरा वर्षं तेल काढा, ऊस सोडा आणि हे धरा. आमचे धाकटे दीर कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळकडं ऊस करतात, त्यांनी पण परवा फोन करून विचारलं, "वहिनी, एक एकर लावून बघू काय ओ?" म्हटलं भावजी, दम धरा, आधी पावसाचं बघू.

आता बघा, कमी पाण्याचं झाड हे खोटं नाही. पण पाणी किती याच्यापेक्षा पाणी कधी हे इथं जास्त महत्त्वाचं आहे, आणि तेच कुणी सांगत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रावर मार्सेलिस शहर आहे, ज्या प्रोव्हान्स भागातले जांभळ्या शेतांचे फोटो आपण बघतो तो तिथंच. मार्सेलिसला वर्षाला पाऊस पडतो साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर. आणि आपल्या शिरोळला? जवळपास तेवढाच, ५०० च्या आसपास. म्हणजे कागदावर शिरोळ आणि मार्सेलिस सारखेच की! पण मार्सेलिसला जुलैमध्ये जेमतेम १०-१५ मिलिमीटर पडतो, तिथला पाऊस सगळा सप्टेंबर संपता संपता सुरू होऊन थंडीभर चालतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडं बरोब्बर उलटं, थंडीत थेंब नाही आणि जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं. कोल्हापूर शहरात वर्षाचा हजारभर मिलिमीटर धरला तर त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास एकट्या जुलैत येतो. गगनबावड्याचं तर विचारूच नका, तिथं ५००० च्या वर.

तर या झाडाची सगळी ठेवण हिवाळ्यात प्यायचं आणि उन्हाळ्यात तग धरायची अशी आहे. पानं अरुंद, कडा आत वळलेल्या, वर राखाडी रंग दिसतो ती बारीक लव असते, ती लव ऊन परतवते आणि पानाजवळची हवा धरून ठेवते, म्हणून पाणी उडून जात नाही. त्या लवेतच तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, पान चोळलं की वास येतो तो त्यांचा. फुलाचा वास म्हणतो आपण पण तेल जास्त असतंय ते पाकळीत नाही, पाकळीच्या खालच्या त्या जांभळ्या नळीत, निदलपुंजात, म्हणून फूल सुकून गळलं तरी दांडी वास देतच राहते. मुळांना मोकळी, दगडगोट्याची, चुनखडीची जमीन लागते जिथं पाणी थांबतच नाही.

अशा झाडाला आपण काय देतो, तर पंचगंगेकाठची काळी चिकण माती आणि वरनं चार महिने गरम ओल. ओल थंड असती तर त्यानं सोसली असती, तिकडं हिवाळाभर सोसतंच. पण माती पंचवीस अंशावर, वर पाणी साचलेलं, मातीत हवा नाही, अशात मूळकुजीची बुरशी, ती फायटोप्थोरा वगैरे, पाण्यातनं मुळापर्यंत येते आणि मूळ काळं पडतं. वरनं दिसतं काय, तर झाड मान टाकतंय, मग घरातलं कुणीतरी म्हणतं अगं सुकलं बघ, घाल पाणी. पानावरची ती लव पण पावसाळ्यात उलटी पडते, ओल धरून ठेवते, झुडुपाच्या मधोमध हवा जात नाही आणि आतनं तपकिरी व्हायला लागतं. ओल्या मोज्यात पाय घालून चार महिने बसवल्यासारखं आहे ते, धडधाकट माणूस पण टिकणार नाही. एप्रिल-मेच्या ३८-३९ डिग्रीत गच्चीवर टिकलेलं झाड पंधरा जुलैला गेलं अशी तक्रार कोल्हापुरात घरोघरी ऐकू येते, आणि सगळे नर्सरीवाल्याला शिव्या घालतात. नर्सरीवाल्याचं चुकतं ते वेगळ्या ठिकाणी, ते सांगते.

लॅव्हेंडर हे एकच झाड नाही. जगात त्याच्या चाळीसच्या वर जाती आहेत, सगळ्या तुळस-पुदिन्याच्याच कुळातल्या. फोटोतलं, साबणातलं, महागड्या तेलातलं ते अँगुस्टिफोलिया, इंग्लिश लॅव्हेंडर म्हणून विकतात पण आहे फ्रान्स, स्पेन, इटलीच्या डोंगरातलं. त्याला फुलायला थंडी लागते, म्हणजे आपली शाल घ्यायची थंडी नाही, आठवडेच्या आठवडे पारा दहाच्या खाली आणि अजून खाली राहायला हवा. कोल्हापूरची जानेवारीची पहाट सरासरी चौदा-पंधरा अंशाची. त्यामुळं हे झाड इथं वाढलं तरी नुसता पाला, फूल येईलच असं नाही. दुसरं लॅव्हेंडिन, म्हणजे अँगुस्टिफोलिया आणि खालच्या उतारावरचं लॅटिफोलिया यांचा संकर. प्रोव्हान्समधली बरीचशी मोठी शेतं याचीच आहेत, ग्रोसो नावाचं वाण तर सगळीकडं. तेल भरपूर निघतं पण त्यात कापराचा उग्रपणा जास्त, म्हणून भाव कमी. आणि लक्षात ठेवा, हे वांझ असतंय, बी धरतच नाही, फांदीपासनंच रोप करायला लागतं. ऑनलाइन ५० रुपयाच्या पाकिटावर प्रोव्हान्सच्या शेताचा फोटो छापून जे बी विकतात त्यातनं फोटोतलं ते झाड येणं शक्यच नाही. अँगुस्टिफोलियाचं बी असतं, पण ते आधी थंडीत ठेवायला लागतं, उगवायला महिना घेतं, आणि आलेली रोपं एकसारखी नसतात.

आपल्या कामाचं आहे ते डेंटाटा. पानाच्या कडा फणीसारख्या दातेरी, त्यावरनं ओळखायचं. त्याला थंडीची अट नाही, दमट हवा बाकीच्यांपेक्षा बरीच सोसतं, आणि कोल्हापुरात ऑक्टोबरनंतर लावलं की थंडीभर थोडं थोडं फुलत राहतं. वास इंग्लिशवाल्यासारखा गोड नाही, थोडा रोझमेरीकडं झुकणारा, ज्यांना साबणाचा वास अपेक्षित आहे ते नाराज होतील. मल्टिफिडा म्हणून एक आहे, पानं शेपूसारखी चिरलेली, ते पण थंडीशिवाय फुलतं पण दोन-तीन वर्षात म्हातारं होतं. आणि स्टोकास, ज्याच्या फुलाच्या टोकाला सशाचे कान उभे केल्यासारखी जांभळी पानं असतात, त्याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी, माती चालते, दिसायला तर सगळ्यात झकास.

आता नर्सरीत जाऊन विचारा, दादा हे कुठलं लॅव्हेंडर? उत्तर एकच, लॅव्हेंडर म्हणजे लॅव्हेंडर. कधी कधी तर निळी साल्व्हिया, लांबनं तशीच दिसणारी, पुढं करतात. पान चोळून बघायचं, वास नाही आला तर ठेवून द्यायचं, इतकं सोपं आहे.

पन्हाळ्याबद्दल पण बोलायला पाहिजे कारण ती आयडिया मला बऱ्याच जणांनी ऐकवली. पन्हाळा थंड, उंच, महाराजांनी तिथं चहा-कॉफी लावून बघितली होती, मग लॅव्हेंडर का नको? राजर्षी शाहू महाराजांनी चहा लावला ते डोकं लावूनच, चहाला पाऊस लागतो, धुकं चालतं, आंबट तांबडी माती लागते, ते सगळं पन्हाळ्यावर आहे. लॅव्हेंडरला यातलं एकही नको. पन्हाळ्याची उंची हजार मीटरच्या जरा खाली, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथं दिवसेंदिवस धुकं हटत नाही आणि जांभा दगडाची माती आंबट. उंची हा एकच आकडा बघून जागा ठरवायची नसते. त्यापेक्षा जिल्ह्याच्या पूर्वेचा हातकणंगले, शिरोळचा माळ, जिथं पाऊस कमी आणि जमीन मुरमाड आहे, तिथं डेंटाटा वगैरे बांधावर लावून बघायला हरकत नाही. नदीकाठच्या काळ्या रानात मात्र नको, आणि महापुराच्या पट्ट्यात तर विषयच संपला.

शेतीचं म्हणाल तर सगळे दाखला देतात भदरवाहचा. तो खरा आहे आणि कौतुकाचा आहे. जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधनं, म्हणजे सुगंधी पिकांच्या योजनेतनं, मक्याच्या जागी लॅव्हेंडर आलं, जम्मूच्या आयआयआयएम संस्थेनं रोपं दिली, आरआरएल-१२ नावाचं वाण दिलं, तेल काढायची यंत्रं दिली, २०२२ ला तिथं लॅव्हेंडर फेस्टिव्हल पण झाला. पण भदरवाह १६०० मीटरच्या आसपास आहे, थंडीत बर्फ पडतो, जमीन उताराची. पाऊस तिथंही येतो, पण आपल्यासारखी चार महिने गरम वाफ नाही. आणि तिथं सरकारी संस्था आधी आली, शेतकरी मागनं आला. इथं उलटं चाललंय, रोपं विकणारा आधी येतोय. शंभर किलो ताजी फुलं उकळली तर किलोभराच्या आसपास तेल निघतं, कधी तेवढंही नाही, म्हणजे डिस्टिलेशनचं युनिट जवळ पाहिजे, कारण फुलं ट्रकात भरून लांब नेईपर्यंत गरम होतात आणि वास उतरतो. जो कोणी एकरी लाखाचं गणित मांडतो त्याला दोन प्रश्न विचारा, जात कुठली आणि युनिट कुठाय. बायबॅकचा, म्हणजे माल आम्हीच परत विकत घेऊ असा, कागद दाखवला तरी विचारा. खुद्द फ्रान्समध्ये सुद्धा हे पीक काही बिनरोगाचं नाही, एक बारकी तुडतुड्याची जात झाडात फायटोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू सोडते आणि शेतंच्या शेतं वाळतात, तिथले शेतकरी वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडतायत.

गच्चीवर मात्र हे झाड सांभाळता येतं, मी सांभाळते आणि ओळखीत अजून काही बायका सांभाळतात. मुद्दा एवढाच की आपल्याकडं त्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च समजायचा. खरेदी दसऱ्यानंतर. रोप येतं ते कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्शाच्या, गड्ड्यात, तो गड्डा तसाच कुंडीत बसवला की अर्धा खेळ तिथंच संपला, कारण बाहेरची माती वाळते आणि आत कोकोपीट चिंब, किंवा उलटं, कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी आत शिरतच नाही, बाजूनं वाहून जातं. बोटानं हलक्या हातानं जेवढं निघेल तेवढं कोकोपीट काढायचं. कुंडी मातीची, रंग न दिलेली, म्हणजे अंगानं श्वास घेते. भरायला तांबडी माती एक भाग, जाड वाळू एक भाग, बांधकामावरची बारीक खडी किंवा विटांचा चुरा एक भाग, शेणखत मूठभर आणि ते पण जुनं, आणि चिमूटभर चुना. आपल्याकडं बाया हात सैल सोडून खत घालतात, गुलाबाला चालतं ते, याला नाही. खत जास्त झालं की झाड लुसलुशीत होतं, लांब लांब वाढतं, वास कमी, फूल कमी, आणि पावसाळ्यात तेच आधी सडतं. कुंडी दोन विटांवर ठेवायची, खाली ताटली अजिबात नाही. ऊन दिवसाला सहा तास तरी, आडोशाला ठेवून लॅव्हेंडर येत नाही.

पाणी घालायचं तर पोटभर घालायचं, खालून निथळेपर्यंत, मग बोटाची दोन पेरं माती वाळेपर्यंत बघायचं पण नाही. रोज ग्लासभर ही सवय सगळ्यात वाईट, वरची माती ओली दिसते आणि खाली काय चाललंय ते कळत नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब तापतो तेव्हा सकाळी पाणी, आणि कुंड्या एकमेकींच्या सावलीत ठेवायच्या म्हणजे कुंडीचा बाजूचा भाग भाजत नाही.

वळीव पडून गेला की कात्री घ्यायची. मधल्या दाट फांद्या थोड्या विरळ करायच्या, वरचा हिरवा भाग तिसऱ्या हिश्श्यानं छाटायचा, हवा खेळली पाहिजे. पण खाली जुनं लाकूड झालेलं असतंय, जिथं एक पण हिरवं पान नाही, तिथं कात्री लावायची नाही, लॅव्हेंडर जुन्या लाकडातनं फुटत नाही, गुलाब जास्वंदीसारखं समजू नका. छाटलेल्या काड्यांतल्या बिनफुलाच्या, तीन-चार इंची, खालची पानं काढून जाड वाळूत खोचायच्या, महिना-दीड महिन्यात मूळ धरतात. रोप तयार ठेवायचं, एखादं झाड गेलं तर मागं वारस असतो.

आणि मग जून ते सप्टेंबर कुंड्या पत्र्याच्या किंवा पारदर्शक शीटच्या खाली. फक्त वर छप्पर, चारी बाजू उघड्या. काही लोक चारी बाजूनं प्लॅस्टिक लावून ग्रीनहाऊस करतात आणि आत वाफ कोंडते, त्यापेक्षा पावसात ठेवलेलं बरं म्हणायची वेळ येते. या चार महिन्यात पाणी अगदी क्वचित, हवेतच इतकी ओल असते. म्हणजे बाकी सगळी बाग पाण्यात न्हात असताना या एका झाडाला तहानलेलं ठेवायचं. जमिनीत लावलं असेल तर वाफा फूटभर उंच करून त्यात खडी-मुरूम, वर पालापाचोळ्याऐवजी खडीचा थर, तरी पण खात्री देत नाही.

ज्यांना हे सगळं झेपत नाही त्यांनी रोझमेरी घ्या. ती पण भूमध्य समुद्राकडचीच, वासाची, निळसर फुलांची, कमी पाण्याची. कोल्हापूरचा पाऊस तिला पण आवडत नाही पण लॅव्हेंडरपेक्षा ती कणखर, नीट निचऱ्याच्या कुंडीत वळचणीला तग धरते. वर स्वयंपाकात घालता येते, आमच्याकडं बटाट्याला आणि चिकनला घालतात, तांबड्या रश्श्यात मात्र घालू नका, आमच्या जाऊबाईंनी घालून बघितली, घरात दोन दिवस तोच विषय होता.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. आपल्या सह्याद्रीत लॅव्हेंडरच्या आपल्या स्वतःच्या जाती आहेत हे किती कोल्हापूरकरांना माहीत आहे? लॅव्हेंडुला बायपिनाटा, पिसासारखी चिरलेली पानं, पाऊस ओसरला की डोंगरउतारावर निळी-जांभळी फुलं. आणि लॅव्हेंडुला गिब्सोनी, जी पश्चिम घाटाबाहेर कुठं सापडतच नाही. तिला नाव मिळालं ते अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरनं, मुंबई इलाख्याचे जंगलांचे पहिले कॉन्झर्व्हेटर, आणि तिची नोंद जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली मुंबईच्या वनस्पतींच्या यादीत केली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ हे नाव कागदावर आहे. ही दोन्ही झाडं आपला पाऊस पिऊन वाढलेली आहेत, त्यांना शेड नको, खडीचा वाफा नको. प्रोव्हान्सच्या लॅव्हेंडरएवढी ती दिसायला भरगच्च नाहीत, मान्य आहे. पण कुठल्याही नर्सरीत मी त्यांचं रोप बघितलेलं नाही, आणि फ्रान्सच्या झाडासाठी आपण दोनशे-तीनशे रुपये मोजतोय. हे वाचून कुणी डोंगरातनं उपटून आणू नये ही हात जोडून विनंती, खास करून गिब्सोनी, ती आधीच मोजक्या जागी आहे.

म्हणून तुमच्या पेपरमार्फत दोन-तीन मागण्या. नर्सरीवाल्यांनी कुंडीवर जात लिहावी, नुसतं लॅव्हेंडर नको. विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाकडं बाग आहे, अभ्यासक आहेत, त्यांनी बियांपासनं या देशी लॅव्हेंडरची रोपं करून लोकांना द्यायचा विचार करावा, आणि डेंटाटा, स्टोकास आपल्या पूर्वेच्या माळावर कशी येतात ते दोन-तीन पावसाळे बघून आकडे छापावेत, मगच शेतकऱ्यानं एकर काढावा. आणि तुमच्या पुरवणीनं ही लागवडीची यादी परत छापावी, पण या वेळी प्रत्येक झाडापुढं महिना लिहून. बोगनवेल जूनमध्ये, लॅव्हेंडर ऑक्टोबरमध्ये. ज्यांनी यादी वाचून या आठवड्यात रोप आणलंच असेल त्यांनी ते आजच विटांवर चढवून पत्र्याखाली सरकवावं, पाऊस आठ-दहा दिवसांवर आहे.

आपली,
एक नियमित वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर